गेटमनची फिलू

सिस्टर फिलोमिना आमच्या शाळेत बदलून आल्या आणि तिसऱ्याच दिवशी त्यांच्याविरुद्ध पहिली तक्रार गेली. ती मी केली होती. हे आधीच सांगून टाकते. पुढं लोक म्हणायचे, "बिराजदारबाई, तुमची आणि सिस्टरांची पहिल्यापासूनच गट्टी दिसते," आणि मी खुशाल मान डोलवायचे. आता निवृत्त झाले, खोटं किती दिवस सांभाळायचं?

तक्रार शिट्टीची होती. सोलापुरातली आमची मुलींची शाळा सिस्टर लोकांची. मी तिथं मराठी शिकवायचे. नोकरीला दहा-बारा वर्षं झाली होती आणि माझ्यावाचून शाळेचं पान हलत नाही असा माझा पक्का समज होता. त्या दिवशी मधली सुट्टी संपली, घंटा झाली, पण सहाशे मुलींपैकी एकही जागची हलेना. आणि एकदम अशी शिट्टी वाजली की माझ्या हातातला खडू खाली पडला. तोंडात दोन बोटं घालून मारलेली, जत्रेत टारगट पोरं मारतात तसली शिट्टी. मी व्हरांड्यात धावले. मैदानाच्या मधोमध राखाडी साडीतली, ठेंगणी, रुंद हाडाची, काळीसावळी सिस्टर उभी, गळ्यात क्रूस, दोन बोटं अजून तोंडातच. आणि समोर सहाशे मुली रांगेत.

मी तडक मदरच्या खोलीत गेले. मदर म्हणजे शाळेच्या आवारातल्या सिस्टरांच्या मठाच्या प्रमुख आणि आमच्या मुख्याध्यापिकाही. म्हटलं, "मदर, उद्या मुली हेच घरी जाऊन करतील. मग पालक येऊन कुणाला जाब विचारणार? मराठीच्या बाईंनाच!" मदर केरळच्या. मराठी बेताचं. त्यांनी डोळे मिटले आणि "बघते" म्हणाल्या.

दुपारी शिक्षकांच्या खोलीचं दार उघडलं. "बिराजदारबाई कोण हाय?"

"मी."

"तुमी माझी कंप्लेंट केली म्हणं."

मी पदर खोचला. म्हटलं, होऊन जाऊ दे. तर बाई हसायला लागली. ते हसू मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. पोटातून निघायचं आणि तीन वर्गांपलीकडे जायचं. "बरं केलंसा की! न्हाय तर मला कुणी सांगितलंच नसतं. उद्यापास्नं शिट्टी बंद."

आणि खरंच बंद झाली. दुसऱ्या दिवशी मुलींना वर्गात घालायला पाव तास लागला. तिसऱ्या दिवशी मी स्वतः छडी घेऊन मैदानात उतरले आणि घसा बसवून घेतला. चौथ्या दिवशी मीच गेले. "सिस्टर, वाजवा की एकदा."

"मदरला इचारलंय?"

"विचारते हो!"

"तुमी इचारून या. तंवर मी बोटं धुते."

अशी ही बाई. माझी गंमत केली, पण मला हरल्यासारखं वाटू दिलं नाही. मदरनी परवानगी दिली, आणि पुढची सगळी वर्षं आमच्या शाळेत घंटा फक्त नावाला होती.

सिस्टर होटगीच्या. होटगी म्हणजे सोलापूरला लागूनच, रेल्वेचं जंक्शन. वडील दाविद, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. स्टेशनापासून जरा पुढं, वाडी जंक्शनकडे जाणाऱ्या लाइनीवर, बैलगाड्या आणि ट्रक रूळ ओलांडतात तिथल्या फाटकाचे ते गेटमन. आई, सिस्टर चौथीत असतानाच गेलेली. फाटकाला लागून एक खोली, त्यात बाप आणि लेक. गाडी येणार म्हणून फोन आला की अण्णा फाटक पाडायचे आणि रुळाजवळ हिरवी झेंडी धरून ताठ उभे राहायचे, म्हणजे ड्रायव्हरला कळतं की रस्ता मोकळा आहे. लाल झेंडी दुसऱ्या हातात, गुंडाळून. शेवटच्या डब्यामागची फुली डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी पुरी गेली असं मानायचं नाही आणि फाटकही उघडायचं नाही. ही लेक शेजारी तशीच ताठ उभी असायची.

ती सवय हाडात गेली होती. आमच्या शाळेमागूनही रेल्वेची लाइन जाते. सिस्टर काहीही बोलत असोत, पालकसभेत असोत, साहेब आलेले असोत, गाडीचा आवाज आला की वाक्य अर्धं सोडून गप्प. शेवटचा डबा गेला की तिथूनच पुढं सुरू. पहिल्यांदा मला वाटलं, बाईला फिट येते की काय!

सिस्टर व्हायच्या आधी मुलींना दोन-तीन वर्षं बंगळूरच्या मोठ्या मठात ठेवून पारखतात. तिथं तर हिनं कहरच केला. प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या गुडघ्यांवर, कडक मौन. मागून मालगाडी गेली आणि ही खाडकन उठून उभी! एकदा नाही, रोज. त्यात इंग्रजी येत नाही, हसू आवरत नाही. शिकवणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टरनी हिला परत पाठवायचं जवळजवळ ठरवलंच होतं. बोलावून विचारलं, का उठतेस? ही म्हणाली, "गाडी जाताना आमच्यात बसून ऱ्हात न्हाईत." म्हातारीनं परत पाठवायचा विचार सोडला म्हणे. मग हिला शेवटच्या बाकावर बसवलं, म्हणजे उठली तरी कुणाला दिसू नये. तेव्हापासून सिस्टर जिथं गेल्या तिथं चॅपलमध्ये, म्हणजे मठातल्या प्रार्थनाघरात, शेवटच्याच बाकावर बसल्या. मी म्हणायचे, आता तुम्ही मोठ्या झालात, पुढं बसा. तर म्हणायच्या, "शेवटचा डबा शेवटच्या बाकावरनंच नीट ऐकू येतो."

मी लिंगायत, गळ्यात लिंग. सुरुवातीला मला ह्या लोकांशी जपून वागावं वाटायचं. आई म्हणायची, त्यांच्या चहात काय काय असतं कुणास ठाऊक! सिस्टरनी एक दिवस माझ्या गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीकडं बोट केलं, मग स्वतःच्या क्रूसाकडं. "बाई, आपण दोघी बी देव गळ्यात घालून फिरणाऱ्या. हरवायची भीती लई दिसतीया आपल्याला." आणि वर कानडीत माझ्या आईची चौकशी. होटगीची बाई ती, कानडी तर येणारच. माझी आई पुढं मरेपर्यंत विचारायची, "ती आपली सिस्टर बरी आहे ना?"

आपली! जिच्या चहाचा संशय होता ती.

शाळेला लागून मुलींचं वसतिगृह होतं, ते सिस्टरांकडं होतं. सांगोल्याकडच्या, मंगळवेढ्याकडच्या, कोरडवाहू भागातल्या मुली. सिस्टरना खुर्चीत बसून बोलताच येत नसे. ऑफिसात खुर्ची होती, तिच्यावर रजिस्टरं बसायची. बाई स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, पाटावर, पुढ्यात परात. कुणी भांडण घेऊन आलं, तक्रार घेऊन आलं, की त्याच्यापुढं मेथीची जुडी सरकवायच्या. "निवडता निवडता बोला." मेथी निवडताना माणसाला ओरडता येत नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर घरी करून बघा. मान खाली जाते, बोटं कामाला लागतात, आणि अर्धी जुडी होईपर्यंत राग पालेभाजीएवढा उरतो. पर्यवेक्षिकेची जागा दुसरीला दिली म्हणून मी स्वतः चिडून गेले होते एकदा. दोन जुड्या निवडल्या आणि घरी आले. कशासाठी गेले होते ते संध्याकाळी आठवलं.

एकदा सांगोल्याच्या बाजूचे एक मेंढपाळ मामा आले. डोक्याला मुंडासं, हातात काठी, आवाज असा की भांडी वाजावीत. लेक नववीत. "पोरीचं लगीन ठरवलंय. तिला न्यायला आलुया." मी तिथंच होते. माझं डोकं भडकलं. मी कायदा सांगायला तोंड उघडलं, तर सिस्टरनी माझ्याही पुढं एक जुडी टाकली.

"बसा मामा. च्या टाकलाय. मेथी निवडता येती न्हवं?"

"म्हंजे काय! जन्म गेला की रानात."

मामांनी काठी भिंतीला टेकवली आणि बसले. निवडत होते झकास, आमच्यापेक्षा बरी. थोड्या वेळानं सिस्टर म्हणाल्या, "मामा, मेंढरं दुसऱ्या रानात घालताना मालकाला इचारता का न्हाय?"

"इचारल्याबिगर कसं घालायचं? डोकं फोडतील की."

"मग पोरीला इचारलं का?"

मामांची बोटं थांबली. "पोरीला काय इचारायचं?"

"न्हाय, रानाला इचारताय म्हणून म्हणलं. कायदा काय म्हणतो ते ह्या बाई सांगतील तुमास्नी, लई रागात हायत त्या. पण आधी पोरीला बलवू. तुमी इचारा. मी मधी बोलणार न्हाय."

पोरगी आली. परकराशी चाळा करत उभी. बापानं घसा खाकरला. आयुष्यात पहिल्यांदा विचारत होता बिचारा, जमेना. शेवटी परातीकडं बघत म्हणाला, "तुजं काय म्हननं हाय गं?" पोरगी म्हणाली, "मला शिकायचंय. पन सुट्टीत माज्या बकऱ्या बघायला न्यायचं. तुमी दोन वर्सं नेलं न्हाईसा." बापाला वाटलं होतं, पोरगी शहरात येऊन बकऱ्या विसरली. मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले, मेथी पुरी केली, आणि लगीन मोडायला गावाकडं गेला. ती पोरगी आज एस.टी.त कंडक्टर आहे. गाडी मागं घेताना शिट्टी मारते ना, ती मी ऐकलीय. कुणाकडून शिकली ते सांगायला नको.

"विचारल्याशिवाय काही करायचं नाही" हा सिस्टरांचा धर्म होता म्हणा ना. मुलीची खोली बदलायची तर तिला विचारून. स्वयंपाकीणबाईला उद्या लवकर बोलवायचं तर विचारून. मी एकदा वैतागून म्हटलं, "सिस्टर, हुकूम सोडला तर काम पाच मिनिटांत होईल." तर म्हणाल्या, "बाई, देवाला सगळं ठाऊक. तरी बी देवदूत पाठवून त्यानं मरियेला आधी इचारलं, येशूची आई व्हशील का, मग पुढचं. देव असून इचारलं. मी तर गेटमनची पोरगी."

आणि मग, त्याच दिवशी, दोघीच असताना, त्यांनी ते सांगितलं. सांगताना हसत होत्या, पण परातीतली मेथी केव्हाच निवडून झाली होती आणि त्या निवडलेलीच परत निवडत होत्या.

दहा वर्षांच्या होत्या. फाटक पडलेलं. ह्या बाजूला एक बैलगाडी अडकलेली, गाडीत तापानं फणफणलेली बाई. मागं एक जीप, जीपमध्ये सोलापूरच्या दोन सिस्टर. त्यातली म्हातारी खाली उतरली, बैलगाडीत चढली आणि त्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गाडी यायला वेळ होता. "बाई, फाटकावरचं समदं माणूस गाडी येणार तिकडं बघत ऱ्हातंय. मी बी तिकडंच बघायची. ती म्हातारी एकटी त्या बाईकडं बघत हुती. गाडी आली, गेली, फाटक उघडलं, तिनं मान वर केली न्हाय." बस, एवढंच. "तवाच ठरलं. मला बी तिकडं बघायचं हुतं."

पुढं कॉलेजचं एक वर्ष झालं आणि त्यांनी मठात जायचं पक्कं केलं. चिठ्ठ्या लिहिल्या, उत्तरं आली, तारीख ठरली. सगळं ठरल्यावर अण्णांना सांगितलं. ते जेवत होते. ताट सरकवून हात धुतला आणि ड्यूटीवर गेले.

जायच्या दिवशी सोलापूरहून गाडी धरली. बंगळूरची गाडी होटगीला थांबत नाही, पण अण्णांच्या फाटकावरून जाते. खिडकीशी बसल्या. मनात एकच की अण्णा हिरवी धरून उभे असतील, बोलले नाहीत तरी तेवढी हिरवी बघून जाईन. आणि काय झालं? गाडीनं करकचून ब्रेक मारला. डबे एकमेकांवर आदळले, वरच्या पेट्या खाली आल्या. शेवटून तिसरा डबा बरोबर फाटकासमोर येऊन उभा राहिला. बाहेर अण्णा. हातात लाल.

अख्खी एक्स्प्रेस थांबवली हो त्या माणसानं!

गार्ड मागून धावत आला. "काय झालं दाविद? रूळ तुटला?"

"न्हाय. हात चुकला."

वीस वर्षांत ज्याचा हात कधी चुकला नव्हता तो गेटमन हे सांगत होता. गार्डानं त्यांच्या नजरेच्या दिशेनं खिडकीकडं बघितलं. खिडकीत रडून डोळे सुजलेली पोरगी. "अण्णा, हे काय केलंसा?" ती म्हणाली.

"तू मला इचारलं हुतंस?" अण्णा म्हणाले. "सांगितलंस. इचारलं न्हाईस."

गार्ड भला माणूस. म्हणाला, "पोरी, उतरायचं असंल तर पटदिशी उतर. दोन मिनिटं हायत माझ्याकडं." सगळा डबा खिडक्यांतून बघतोय. तिनं मान हलवली. नाही. गार्डानं आपली झेंडी काढली, पुढं ड्रायव्हरला दाखवली, गाडी हलली.

"म्हंजे बघा बाई," सिस्टर म्हणाल्या, "माझ्या बापानं हिरवी दाखवलीच न्हाय. गार्डानं दाखवली. अण्णांची हिरवी अजून बाकी हाय."

अण्णांना त्या दिवसाबद्दल चार्जशीट मिळाली. कारणाच्या रकान्यात त्यांनी तेच लिहून दिलं, हात चुकला.

मी सिस्टरांबरोबर होटगीला कितीदा तरी गेले. अण्णा निवृत्त होऊन गावातच लहानशा घरात एकटे राहायचे. आजूबाजूची माणसं जेवणखाण बघायची. मी गेले की खूश व्हायचे, खुर्ची पुसून द्यायचे. पण लेकीशी बोलायचं ते माझ्यामार्फत. समोर बसलेली असायची हो! "बाई, सिस्टरला इचारा, भाकरी खानार का." फिलू म्हणून वाढवली त्या लेकीला सिस्टर म्हणायचे, आणि तेही कसं, साहेबाला म्हणावं तसं आदरानं. त्या आदरानं सिस्टरांचा जीव जायचा. बाकी दुनिया सिस्टर म्हणते, बापानं तरी फिलू म्हणावं की नाही? एकदा मी चिडलेच. "अण्णा, ती समोर बसलीय. तुमचं तोंड आहे, तिचे कान आहेत. मी काय टेलिफोनची तार आहे?" अण्णा शांतपणे म्हणाले, "बाई, च्या घ्या." बाहेर आल्यावर सिस्टर फाटकापर्यंत हसत होत्या. मग एक मालगाडी आली, तशा गप्प उभ्या राहिल्या. शेवटचा डबा गेल्यावर हसू मात्र परत सुरू झालं नाही.

मधल्या काळात त्यांच्या बदल्या झाल्या. एक ट्रंक, कुठं पाठवाल तिथं. परत सोलापूरला आल्या त्या मदर होऊनच. माझी निवृत्ती त्यांच्याच हाताखाली झाली. निरोपाच्या भाषणात त्यांनी शिट्टीची तक्रार सगळ्यांपुढं सांगितली. मेले मी लाजेनं.

आणि मग गेल्या वर्षी एका दुपारी फोन. "बाई, लई घोटाळा झाला."

"काय झालं? तब्येत?"

"तब्येत ठणठणीत. मला मोठी केली."

त्यांच्या संघात दर काही वर्षांनी सगळ्या मठांतून निवडलेल्या सिस्टर बंगळूरला जमतात, चिठ्ठ्या टाकतात आणि सगळ्या संघाची प्रमुख निवडतात. ह्या खेपेला तिथं दोन तट पडले होते. माणसं कमी पडतात म्हणून लहान गावांतली घरं बंद करायची की नाही ह्यावर तीन दिवस वाद. शिकलेल्या, मोठमोठ्या पदव्यांच्या बायका, इंग्रजीत भांडत होत्या. तिसऱ्या दिवशी सिस्टर मुदपाकखान्यात गेल्या, स्वयंपाकीणबाईला विचारलं आणि मेथीच्या चाळीस जुड्या सभागृहात आणून ठेवल्या. पुढचं मला सांगायला नको, तुम्हालाही नको. सगळ्यांची मेथी निवडून झाली तेव्हा असं ठरलं की ज्या गावचं घर बंद करायचं त्या गावाला आधी जाऊन विचारायचं. चौथ्या दिवशी चिठ्ठ्या उघडल्या, तर नाव हिचंच.

"मग काय म्हणालात?"

"बाई, तितं बिशपसाहेब बसलेले असत्यात. ते समद्यांसमोर इचारतात, तुला हे मान्य हाय का? मी म्हणलं, एक फोन करू द्या."

सगळ्या चकित. बिशपांना वाटलं, आध्यात्मिक गुरूंना वगैरे करणार असेल. हिनं होटगीला लावला.

"अण्णा, मला संघाची मोठी करायलेत. माझं होय अजून बाकी हाय. आधी तुमाला इचारते. होय म्हणू का?"

छत्तीस वर्षांनी विचारलं होतं बाईनं. पलीकडनं आधी खोकल्याचा आवाज. मग अण्णा म्हणाले, "इचार करून सांगतो," आणि फोन ठेवून दिला.

कपाळ माझं! तिकडं पन्नास बायका, एक बिशप, चॅपलमध्ये मेणबत्त्या लावून ठेवलेल्या, आणि होटगीचा गेटमन विचार करतोय. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बिशपांनी घड्याळ बघितलं. सिस्टरनी पुन्हा फोन लावला, अण्णांनी उचललाच नाही. शेवटी सिस्टर आत आल्या, शेवटच्या बाकापाशी उभ्या राहिल्या आणि होय म्हणाल्या.

"होय म्हणलं बाई, पण एका पायावर उभी ऱ्हाऊन म्हणल्यागत वाटायलंय." फोनवर आवाज बारीक झाला. "आता पुढची काही वर्सं माझ्या सहीनं माणसं हिकडची तिकडं जाणार. मी समद्यांस्नी इचारणार. आणि माझ्या बापाला मी येळेवर इचारलं न्हाय ते न्हायच."

पुढचे काही महिने अण्णांचं उत्तर आलं नाही. सिस्टर शाळा, मठ, चाव्या, सगळं नव्या मदरच्या हवाली करायला सोलापूरला आल्या. होटगीला जाऊन आल्या. मीही बरोबर होते. अण्णा म्हणाले, "बाई, सिस्टरला इचारा, गाडी कवाची हाय." मी विचारलं, सांगितलं. संपलं. मला तर त्यांची काठी हिसकावून घ्यावीशी वाटली.

ह्या उन्हाळ्याच्या तोंडाला सिस्टर मुक्काम हलवून बंगळूरला निघाल्या. सकाळची गाडी. मी स्टेशनवर जायला निघाले तर फोन. "बाई, तुमी हिकडं येऊ नका. हितं लई माणसं हायत. तुमी होटगीला जावा, अण्णांजवळ बसा. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन नको म्हणतात. गाडीच्या येळेला एकटे रुळाकडं जातील."

मी रिक्षा करून गेले. अण्णा अंघोळ करून, जुना निळा रेल्वेचा शर्ट घालून, बाजेवर तयार बसलेले. काखेत कापडी पिशवी. "चला बाई, येळ झाली." त्यांचा हात धरून गेले. आता तिथं फाटक नाही. खालून बोगद्यासारखा रस्ता काढलाय, वर तारेचं कुंपण. गेटमनच्या खोलीच्या दोन भिंती तेवढ्या उभ्या. अण्णा कुंपणाशी थांबले, पायानं जमीन चाचपली, अर्धं पाऊल डावीकडं सरकले आणि ताठ झाले. ती त्यांची जागा. मग पिशवीत हात घालून दोन काठ्या काढल्या. त्यांना गुंडाळलेल्या झेंड्या.

"अण्णा, पाया पडते तुमच्या. गाडी थांबवू नका हो! आता तुमचं वय बघून कुणी सोडणार नाही."

अण्णांनी दोन्ही काठ्या माझ्यापुढं धरल्या.

"बाई, ह्यातली हिरवी कंची?"

झेंड्या पार विटल्या होत्या. लाल चहासारखी झालेली, हिरवी वाळल्या लिंबाच्या पानासारखी. मला दिसत होत्या, पण डोळ्यांत पाणी आल्यावर मलाही नीट दिसेनात. पदरानं डोळे पुसले, दोनदा बघितलं आणि हिरवी त्यांच्या उजव्या हातात दिली.

"नक्की?" ते म्हणाले. "नीट बघा हां. हात एकदा चुकलाय."

"नक्की, अण्णा. हिरवीच आहे."

लाल पिशवीत परत गेली. गाडीचा भोंगा ऐकू आला. अण्णांनी हात आडवा केला आणि झेंडी सोडली. ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा, चालताना पाय लटपटतात, पण तो हात जराही हलला नाही. इंजिन धडधडत गेलं. डब्यामागून डबे. आणि एका दारात, दांडा घट्ट धरून, राखाडी साडी. मला चेहरा नीट दिसला नाही, एवढंच दिसलं की ती आधी झेंडीकडं बघत होती आणि मग फक्त अण्णांकडं. मग मोकळा हात तोंडाकडं गेला. आणि अख्ख्या संघाच्या प्रमुख सिस्टरनी दोन बोटं घालून अशी शिट्टी मारली की कुंपणावरचे कावळे उडाले.

अण्णा जागचे हलले नाहीत. ड्यूटी होती ना.

आवाज लांब गेला. "शेवटचा डबा गेला का बाई?"

"गेला."

"मागची फुली दिसली?"

"दिसली, अण्णा."

"म्हंजे पुरी गेली." त्यांनी झेंडी काठीवर नीट गुंडाळली, घडी न पडू देता. तेवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन वाजला. कुणाचा ते बघायची गरजच नव्हती. मी बटण दाबून तो अण्णांच्या कानाला लावला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"हां, फिलू," अण्णा म्हणाले, आणि मी जरा लांब जाऊन उभी राहिले.